थांबवणं आणि दिसणं

(रत्नागिरीतील एका स्मृतिव्याख्यानमालेत एका नेत्रशल्यचिकित्सिकेने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी मला नववीत भौतिकशास्त्र शिकवलं. शाळेत भिंगं दोनच होती आणि दोन्हींना चरे पडलेले. सर घरून गेलेला एक बल्ब आणायचे. आतली तार आणि काच काढून टाकलेली, पाणी भरून तोंडाला लाख लावलेली. तो बल्ब पुस्तकासमोर धरला की अक्षरं उलटी दिसायची, पण सगळीकडून सारखी उलटी. मग ते पाण्याने भरलेला पेला धरायचे. त्यातून अक्षर एकाच दिशेने ताणलं जायचं. आणि शेवटी सरबताच्या जुन्या बाटलीचा जाड, वेडावाकडा तळ. त्यातून काय दिसतं, असं सर विचारायचे. वर्ग हसायचा, कारण एकाच ‘क’चे तीन ‘क’ दिसायचे, तेही शेपट्या फुटलेले. सर म्हणायचे, हसू नका, काच तीच आहे, पाणीही तेच आहे, फक्त आकार बिघडलाय.

आज मी ज्या आजारावर बोलणार आहे त्याचं निम्मं शास्त्र त्या तीन वस्तूंत आहे. बल्ब म्हणजे चष्म्याचा साधा नंबर. पेला म्हणजे सिलिंडरचा, तिरका नंबर. या दोन्हींवर चष्मा आहे. बाटलीच्या तळावर चष्मा नाही. बुबुळाचा बाटलीचा तळ होतो, त्या आजाराला केराटोकोनस म्हणतात.

बुबुळ या शब्दाशी आधी थोडं भांडून घेते. आपण बोलताना बुबुळ म्हणतो ते डोळ्यातल्या काळ्याभोर गोल भागाला. तो काळा किंवा घारा रंग खरं तर आतल्या पडद्याचा, परितारिकेचा. त्याच्यावर घड्याळाच्या काचेसारखी एक पारदर्शक टोपी बसवलेली असते. शाळेच्या पुस्तकात तिला पारपटल म्हणतात, आणि परीक्षा संपली की तो शब्दही संपतो. ‘डोळ्यात फूल पडलं’ असं आपली आजी म्हणायची, ते फूल या काचेवर पडलेलं असतं. नेत्रदानात वापरतात तीही हीच काच. मी आज तिला बुबुळच म्हणणार आहे, कारण माझ्या ओपीडीत पंचवीस वर्षांत पारपटल हा शब्द एकाही पेशंटने उच्चारलेला नाही.

ही काच मध्यावर साधारण ५४० मायक्रॉन जाड असते. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. तिच्यात एकही रक्तवाहिनी नाही. डोळ्याची प्रकाश वळवण्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर धरली, तर त्यातली त्रेचाळीसेक या एवढ्याशा काचेची. मोतीबिंदूमुळे आतल्या भिंगाचं नाव सगळ्यांना ठाऊक, पण मुख्य भिंग बाहेरचंच. तिच्या जाडीचा नव्वद टक्के भाग कोलॅजनच्या पदरांचा बनलेला असतो. सुरळीच्या वड्यांसारखे पातळ, एकावर एक, शेकड्यांनी. हे पदर एकमेकांना बारीक टाक्यांनी धरून असतात. केराटोकोनसमध्ये टाके कमजोर पडतात, काच मध्याच्या थोडी खाली पातळ होते, आणि डोळ्यातला नेहमीचाच दाब तिला तिथे पुढे ढकलतो. गोल घुमटाचा हळूहळू शंकू होतो. दुखत नाही, लाल होत नाही, पू येत नाही. फक्त नंबर बदलत राहतो.

आणि नंबर बदलणं ही आपल्याकडे बातमीच नसते. वाढतं वय आहे, मोबाइल बघतोय, गाजर खात नाही. कारणं घरातच तयार असतात.

लांज्याकडचा एक मुलगा, चौदा वर्षांचा. आई त्याला घेऊन आली तेव्हा तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत चार चष्मे. तिने ते टेबलावर एकापुढे एक मांडले, भांडीवाल्यापुढे जुनी भांडी मांडावीत तसे. म्हणाली, “मॅडम, ह्याचा चष्मा काय टिकत नाय. दर सा म्हैन्यांनी नवा.” मी चारही चष्मे मशीनवर लावून नंबर लिहून काढले. साधा नंबर फारसा हलला नव्हता. तिरका नंबर दीडवरून साडेचारावर गेला होता आणि त्याचा अक्ष दर वेळी वेगळा.

त्या चारांपैकी दोन चष्मे माझेच होते. माझ्या शिक्क्याचा कागद तिने जपून ठेवला होता, घडी घालून, रेशनकार्डाच्या पाकिटात. पहिल्या खेपेला मी मुलाला पाच मिनिटांत मोकळा केला होता. दुसऱ्या खेपेला शाळा-तपासणीची गर्दी होती. दोन्ही खेपांना तो समोर बसून डोळे चोळत होता आणि मी त्याला ‘चोळू नको रे’ म्हणाले होते, जसं आपण कुठल्याही पोराला म्हणतो. म्हणजे आजार माझ्यासमोर बसून स्वतःची ओळख करून देत होता आणि मी त्याला शिस्त लावत होते.

तिसऱ्या खेपेला मी दिवे बंद करून रेटिनोस्कोप हातात घेतला. साधं उपकरण आहे, हातात मावणारं. डोळ्यात प्रकाशाची पट्टी फिरवायची आणि बाहुलीतून परत येणारी लाल छाया कशी सरकते ते पाहायचं. निरोगी डोळ्यात ती छाया एका दिशेने शांतपणे सरकते. याच्या डोळ्यात ती दोन तुकड्यांत फुटून कात्रीच्या पात्यांसारखी उघडमीट करत होती. मग त्याला पायाच्या अंगठ्याकडे बघ म्हटलं. खालची पापणी मध्यात पुढे ढकलली जाऊन तिला टोक आलं. आईलाही ते दिसलं. ती काही बोलली नाही, फक्त पिशवीची गाठ सोडून परत बांधली. पापणीला असं टोक येणं हे पुढच्या टप्प्याचं लक्षण. म्हणजे मला उशीर झाला होता.

१८५४ साली लिव्हरपूलच्या जॉन नॉटिंगहॅम नावाच्या सर्जनने या आजारावर अख्खं पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याच्याकडे रेटिनोस्कोपही नव्हता. रुग्णाकडे बाजूने बघायचं आणि ऐकायचं, एवढंच. आणि रुग्ण सांगतात ते फार नेमकं असतं, ऐकायला वेळ असेल तर. या मुलाने सांगितलं होतं की मिरकरवाड्याच्या जेटीवर रात्री होड्यांच्या दिव्यांना शेपट्या असतात, आणि सगळ्या एकाच बाजूला खाली लोंबतात. मला ते बोलणं तेव्हा पोरकट वाटलं होतं.

आज निदानासाठी बुबुळाचा नकाशा काढतात. डोळ्यासमोर काळ्या-पांढऱ्या वर्तुळांची तबकडी येते, तिचं प्रतिबिंब बुबुळावर कसं पडतं त्यावरून संगणक उंच-सखल भाग रंगवतो. डोंगराच्या नकाशासारखाच. निळं-हिरवं ते सपाट, पिवळं-लाल ते चढाचं. नवी यंत्रं मागची बाजू आणि प्रत्येक ठिकाणची जाडीही मोजतात, आणि आजार बहुधा मागच्या बाजूनेच आधी चाहूल देतो. त्या वेळी माझ्याकडे हे यंत्र नव्हतं. मायलेकरं आंबा घाटातून एसटीने कोल्हापूरला गेली आणि दोन रंगीत कागद घेऊन आली. उजवा डोळा लालभडक, डावा नारिंगी. हा आजार जवळजवळ नेहमी दोन्ही डोळ्यांत असतो, एक पुढे, एक मागे.

असे किती जण असतील? १९८६ साली अमेरिकेतल्या मिनेसोटातून आलेला आकडा वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकांत होता : साधारण दोन हजारांत एक. आम्ही तोच घोकला, आणि म्हणून असा पेशंट क्वचित येणार असं डोक्यात पक्कं बसलं. २०१७ मध्ये नेदरलँड्समधून विम्याच्या नोंदींवरून आकडा आला, ३७५ जणांत एक. त्याआधीच, २००९ मध्ये, आपल्याच महाराष्ट्रातला आकडा प्रसिद्ध झाला होता. नागपूरजवळच्या खेड्यांमध्ये डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे योस्ट योनास यांच्या गटाने तिशीच्या पुढच्या साडेचार हजारांहून अधिक माणसांचे डोळे मोजले. त्यांना २.३ टक्के आढळले. शंभरात दोन! या आकड्यावर मी लगेच विश्वास ठेवणार नाही, कारण त्यांनी बुबुळाचा बाक ४८ डायॉप्टरच्या पुढे गेला की केराटोकोनस असं धरलं होतं, आणि काहींचं बुबुळ जात्याच जास्त बाकदार असतं. नकाशे काढले असते तर आकडा बहुधा खाली आला असता. पण तो दोन हजारांत एकावर नक्कीच आला नसता. तेवढं मला पुरे आहे.

आता चोळण्याबद्दल. अनुवंशाचा भाग आहे, भावंडांत आढळतो, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत जास्त आढळतो. त्यावर आपला हात चालत नाही. हात चालतो तो चोळण्यावर, शब्दशः. ज्यांना ॲलर्जीची खाज असते त्या मुलांमध्ये केराटोकोनस ठळकपणे जास्त दिसतो. पाच ते पंधरा वयाची मुलं, त्यातही मुलगे अधिक. उन्हाळा लागला की डोळे लालसर, चिकट दोऱ्यासारखी घाण, वरची पापणी उलटली तर आत खडबडीत दगडगोट्यांची फरसबंदी. या ॲलर्जीच्या नावातच वसंत ऋतू आहे. आणि चोळायची पद्धत बघा. बोटाच्या टोकाने नव्हे, मुठीच्या पेरांनी, गोल गोल, दाबून. अर्ध्या मिलिमीटरच्या काचेवर. झोपेतही. ‘चोळू नको’ म्हणून हे थांबत नाही, कारण खाज खरी असते. खाजेवर औषध द्यावं लागतं, महिनोन्‌महिने, आणि थंड पाण्याची घडी.

इथे एक गोष्ट जरा कडक बोलते. खाज आली की दुकानातून ‘लाल डोळ्याचे थेंब’ आणायचे, दोन दिवसांत बरं वाटतं, मग दर उन्हाळ्यात तीच बाटली. त्या थेंबांत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. ते गुणकारी आहे, मीही देते, पण मोजून, आणि डोळ्याचा दाब तपासत. बिनतपासणीचं चार-पाच वर्षं घातलं तर काचबिंदू होऊ शकतो आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. केराटोकोनसने मुलगा आंधळा सहसा होत नाही. या थेंबांनी झालेले मी पाहिलेत. रिकामी बाटली खिशात घालून दुकानात दाखवायची आणि तसलीच दुसरी आणायची, हा आपला रिवाज आहे. तो निदान डोळ्यापुरता तरी सोडा.

आता उपचार. आणि इथेच सगळा गोंधळ होतो. पेशंटचा होतो, नातेवाइकांचा होतो, कधी कधी आमचाही. केराटोकोनसमध्ये दोन वेगळे प्रश्न आहेत. आजार पुढे जातोय तो कसा थांबवायचा, हा एक. आणि आज आहे त्या वाकड्या काचेतून स्पष्ट कसं दिसणार, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

थांबवण्याचं उत्तर सापडायला शंभराहून अधिक वर्षं लागली. एकोणिसाव्या शतकात शंकूचं टोक डागून बघत. आपल्याकडे पोटदुखीवर डाग देत, त्यातलाच प्रकार, फक्त युरोपातला. खरं उत्तर जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये थिओ साइलर, एबरहार्ड श्पॉर्ल आणि ग्रेगोर वोलेनझाक यांनी शोधलं. इकडे १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावायला लागली, त्याच सुमारास तिकडे पहिल्या रुग्णांवर प्रयोग सुरू होते. कल्पना अशी : वय वाढतं तसे कोलॅजनमधले टाके आपोआप वाढतात, बुबुळ कडक होतं, म्हणूनच हा आजार पस्तिशी-चाळिशीच्या आसपास बहुधा स्वतःच थांबतो. मधुमेहींमध्ये साखरेमुळे असेच जास्तीचे टाके पडतात आणि त्यांच्यात हा आजार कमी दिसतो. (म्हणून कोणी जास्त हापूस खाऊ नये.) मग हेच म्हातारपण पंधराव्या वर्षी, एका तासात, फक्त बुबुळापुरतं आणता आलं तर? त्यांनी रायबोफ्लेविन घेतलं. म्हणजे जीवनसत्त्व ब-२, तोंड आलं की आपण ज्याच्या पिवळ्या गोळ्या खातो ते. बुबुळाची वरची नाजूक साल काढायची, अर्धा तास त्याचे थेंब घालायचे, मग अर्धा तास ठरावीक मापाचा अतिनील प्रकाश. दंतवैद्य दातातलं सिमेंट निळ्या दिव्याने कडक करतो, तसंच काहीसं. बुबुळ किमान ४०० मायक्रॉन जाड असावं लागतं, नाहीतर प्रकाश आतल्या थराला इजा करतो. म्हणूनच उशीर महागात पडतो. २००३ मध्ये त्यांनी २३ डोळ्यांचा निकाल छापला : सगळ्यांत आजार थांबला होता. ब्रिटनमध्ये पुढे १० ते १६ वयाच्या ६० मुलांचे दोन गट करून दीड वर्ष पाहिलं. उपचार न केलेल्यांपैकी ४३ टक्क्यांचा आजार पुढे गेला, केलेल्यांपैकी ७ टक्क्यांचा. आमच्या शास्त्रात इतका स्वच्छ फरक रोज बघायला मिळत नाही.

पण या उपचाराने, म्हणजे क्रॉसलिंकिंगने, चष्मा जात नाही. हे मी तीनदा सांगते आणि चौथ्यांदा आई विचारते, “मग आता चष्मा लागणार नाय ना?” क्रॉसलिंकिंग म्हणजे दरड कोसळू नये म्हणून लावलेली जाळी. कोसळलेला डोंगर तिने वर जात नाही. शिवाय पहिले तीन-चार दिवस डोळा भयंकर दुखतो, पाणी वाहतं, प्रकाश सोसत नाही. हे आधी सांगितलं नाही तर लोकांना वाटतं, काहीतरी बिघडवलं.

याच्या उलटा गोंधळ लग्नाच्या मोसमात होतो. मुलगी बावीस-तेवीसची, कांदेपोह्यांचा कार्यक्रम ठरलेला, आणि आईचं म्हणणं, नंबर काढून द्या. लेसरने नंबर काढतात म्हणजे बुबुळ तासून आणखी पातळ करतात. आत लपलेला केराटोकोनस असेल तर ती भिंतीची वीटच काढली. लेसरनंतर बुबुळ असं फुगून येतं हे १९९८ मध्ये पहिल्यांदा लिहिलं तेही साइलर यांनीच. त्यामुळे लेसरआधीचा नकाशा सोडून चालत नाही, आणि गमतीचा भाग असा की कित्येक केराटोकोनस पहिल्यांदा सापडतात ते याच तपासणीत. मुलगी चष्मा काढायला येते आणि आजाराचं नाव घेऊन जाते. मग आई हळूच विचारते, हे मुलाकडच्यांना सांगायचं का? मी सांगते, सांगा. चष्मा लावून दाखवलेली मुलगी नाकारणारं घर पुढे आणखी काय काय नाकारेल, ते आधीच कळलेलं बरं.

दिसण्याचा प्रश्न. सुरुवातीला चष्मा पुरतो. पुढे लागते ती कडक लेन्स. तत्त्व सरांच्या बाटलीवर समजतं : बाटलीच्या वेड्यावाकड्या तळावर पाणी ओतून वर गुळगुळीत काच ठेवली, तर खळगे पाण्याने भरतात आणि अक्षर सरळ दिसतं. डोळ्यात ते पाणी म्हणजे अश्रू. १८८८ मध्ये पॅरिसच्या यूजेन काल्टने केराटोकोनसवर काचेच्या वाट्या बसवून पाहिल्या. म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्सचा जन्मच मुळी या आजाराच्या आसपास झाला. आज हवा खेळू देणाऱ्या लेन्स आहेत आणि त्याहून मोठ्या स्क्लेरल लेन्स, ज्या बुबुळाला न टेकता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसतात. त्या महाग आहेत, बसवायला कसब लागतं, आणि नळाच्या पाण्याने धुवायच्या नसतात. विहिरीच्या तर नाहीच नाही.

फार थोड्यांवर याही पलीकडची वेळ येते. बुबुळाचा आतला पातळ पडदा एकाएकी फाटतो, पाणी आत शिरतं, आणि सकाळी उठल्यावर डोळा पांढरा दिसतो. घरच्यांना वाटतं डोळा गेला. तो गेलेला नसतो. दोन-चार महिन्यांत सूज ओसरते, पण व्रण राहतो. अशांना, किंवा लेन्स अजिबात न सोसणाऱ्यांना, दुसऱ्याचं बुबुळ बसवावं लागतं. ७ डिसेंबर १९०५ रोजी ओलोमोउत्स या आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या गावी एडुआर्ड झिर्मने माणसाच्या डोळ्यावर पहिलं यशस्वी बुबुळरोपण केलं. बुबुळात रक्तवाहिन्या नसल्यामुळे शरीर ते सहज नाकारत नाही, रक्तगट जुळवावा लागत नाही. केराटोकोनसमध्ये तर आता फक्त पुढचे थर बदलून रुग्णाचा स्वतःचा आतला थर तसाच ठेवता येतो. पण त्यासाठी कोणाच्या तरी घरी, रडारड चालू असताना, लगेच नेत्रपेढीला फोन व्हावा लागतो, कारण डोळे सहा तासांच्या आत घ्यावे लागतात. पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. आपल्या गावात हा फोन बहुतेक वेळा एखादी सून किंवा कॉलेजातली नात करते, वडीलधारे नाही, हे माझं निरीक्षण.

लांज्याच्या त्या मुलाचं सांगायचं राहिलं. उजव्या डोळ्याची जाडी ४०० च्या खाली गेली होती, तिथे खास द्रावण वापरून जपून क्रॉसलिंकिंग केलं. डाव्याचं नेहमीसारखं. त्याला बोटीवर जायचं होतं, मर्चंट नेव्हीत. ते आता होणार नाही. ते सांगताना मी फायलीत बघत होते. तो आज रत्नागिरीतच आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करतो, उजव्या डोळ्यात स्क्लेरल लेन्स घालून. सकाळी लेन्सच्या वाटीत सलाइन भरायचं, मान खाली घालून ती डोळ्याला लावायची, बुडबुडा राहिला तर काढून पुन्हा. सुरुवातीला त्याला चाळीस मिनिटं लागायची. आता पाच. त्याची आई अजून रात्री एकदा उठून त्याचा हात डोळ्यावर नाही ना ते बघते. तो पंचविशीचा झालाय.

त्याची धाकटी बहीण तेरा वर्षांची आहे. तिला काहीही त्रास नाही, चष्माही नाही. तरी मी तिचा नकाशा काढायला लावला. डाव्या डोळ्यात खालच्या बाजूला थोडासा पिवळा रंग आहे. कदाचित तिचं बुबुळच तसं असेल. दिवाळीच्या सुट्टीत दुसरा नकाशा काढायचा आहे. दोन कागद शेजारी ठेवले की कळेल.